बांधणी सदोष

आप्पा रावेरकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच ट्रंकेला कान लावून बसलेले. नुकतंच लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले होते. शनवारा वेशीजवळच्या आमच्या गल्लीतली माणसं नवी सून बघायला येत होती, कुणी साखर हातावर ठेवत होतं, कुणी खण. आप्पा आले ते माझ्याकडे न बघता थेट कोपऱ्यातल्या ट्रंकेपाशी गेले. ती त्यांनी दोन्ही हातांनी हलवली, झाकणाला कान लावला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "बोलून राहिली आहे. आत काही तरी फुटलेलं आहे, बघून घ्या." मग चहाही न घेता गेले. ट्रंकेत आईनं दिलेली चिनी मातीची बरणी होती आणि ती खरोखरच फुटली होती. बरणीचं वाईट वाटण्याआधी मला त्या माणसाचा राग आला, आणि तो पुढं कितीतरी वर्षं टिकला.

आप्पा एका माल वाहतूक कंपनीत होते. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती कधीच बुडाली. लालबागेत, स्टेशनाच्या अलीकडे तिची कचेरी होती. वाटेत मालाची मोडतोड झाली की लोक भरपाई मागायला येत आणि त्यांना आप्पांच्या टेबलापुढं उभं राहावं लागे. आप्पा फुटका माल हातात घेत, त्याभोवतीचं गवत हुंगत, सुतळीची गाठ निरखून बघत, आणि अर्जाच्या खाली दोनच शब्द लिहीत, 'बांधणी सदोष'. म्हणजे माल फुटला तो कंपनीमुळे नाही, तुम्ही तो नीट बांधला नाही म्हणून. भरपाई नामंजूर. बांगड्यांचे व्यापारी, लोणच्याच्या बरण्या धाडणाऱ्या बाया, आरसेवाले, सगळे त्या दोन शब्दांवर आपटून परत गेले. गावात त्यांच्या मागं त्यांना सदोष आप्पा म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

हा गुण कचेरीपुरता असता तर सोसलं असतं. पण आप्पांना जगात नीट बांधलेली वस्तू म्हणून दिसतच नसे. लग्नाच्या पंगतीतून घरी नेण्यासाठी दिलेला लाडवांचा पुडा ते उघडून परत बांधत. शेजारच्या बाळंतिणीकडे गेले तर दुपट्यात गुंडाळलेलं मूल बघून म्हणाले, "ढिलं आहे." खिशात कायम सुतळीचा गुंडा. सुतळी त्यांनी कधी कापली नाही, गाठी सोडवून ती परत गुंडाळून ठेवत. एखाद्यानं घाईत गाठीवर कात्री लावली तर आप्पा त्याच्याकडे असे बघत की तो कात्री खाली ठेवी. बायको त्यांची फार लवकर गेली होती. ती असती तर हे सगळं जरा आवरलं असतं असं गल्लीतल्या बायका म्हणत. मला तसं वाटत नाही. ती असती तर तिच्याही पदराची गाठ त्यांनी तपासली असती.

मग राज्य बदललं. वर्तमानपत्रांत तुकडे जोडून एक मोठं राज्य झाल्याचं लिहून येत होतं. आमच्याकडे उलटंच झालं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळला गेली, आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर जागेवरून न हलता दुसऱ्याच घरात जाऊन पडलो. सरकारी नोकरीतल्या मराठी माणसांना इकडे राहता की तिकडे जाता असं विचारलं गेलं. ज्याला जमलं तो जळगाव, अकोला, नागपूर, मिळेल तिकडे गेला. मी मराठी शाळेत शिकवत होते. दर वर्षी जूनमध्ये वर्गात बाकं तेवढीच असत आणि मुलं कमी. आपल्याला कुणी हाकललं असं म्हणता येत नव्हतं आणि ठेवून घेतलं असंही म्हणता येत नव्हतं. त्या वर्षांत आमच्या गल्लीत जो कडवटपणा आला तो मग गेलाच नाही.

ह्या जाणाऱ्यांचं सामान बांधायला सगळे आप्पांकडे येत. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या बांधणीत खोट काढली त्यानंच बांधलं तर कोण काय बोलणार, असा तो हिशेब. आप्पा कुणाला नाही म्हणत नसत. सकाळीच येऊन घरमालकालाच ओट्यावर बसवत आणि घराचा ताबा घेत. काम संपेपर्यंत पाणीसुद्धा नाही. खिळ्याचा त्यांना तिटकारा होता. "हातोडी बाहेर मारता, फुटतं आत," असं म्हणून ते प्रत्येक खोक्याला स्क्रू लावत. कुलकर्णी वहिनी निघाल्या तेव्हा त्यांनी देवघर आधी बांधा म्हणून हट्ट धरला. आप्पा म्हणाले, "आधी लोणचं. देव आडवे चालतात, लोणचं चालत नाही." वहिनींनी जन्मात एवढा अपमान सोसला नव्हता, पण अकोल्याहून त्यांनी निरोप धाडला तो लोणचं सुखरूप असल्याचाच.

शेवटी आप्पा खोकं हलवून त्याला कान लावत. "बोललं नाही पाहिजे," असं म्हणत. बोललं तर सगळं उपसून पुन्हा. आणि खोकं गप्प झालं की ते निघून जात. स्टेशनावर निरोप द्यायला ते कधी गेले नाहीत. "सामान पोचवावं लागते, माणसं आपली आपण पोचतात," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. गल्लीतलं एकेक घर त्यांनी असं आपल्या हातानं रिकामं केलं.

त्यांची सगळ्यात वाईट गोष्ट मला माहीत आहे, ती इथं सांगायलाच हवी. जवळच्याच बहादरपूरचे किसनभाऊ केळीचे बागायतदार, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मंडळाची हार्मोनियम त्यांनी दुरुस्तीला इंदूरला पाठवली होती, ती कंपनीच्या ट्रकनं परत आली. किसनभाऊ ती न्यायला लालबागेत उभे, आप्पा कचेरीच्या पायरीवर उभे. दोघांच्या देखत हमालाच्या हातातून खोकं सुटलं आणि ट्रकवरून खाली फरशीवर आलं. भात्यापासून पट्ट्यांपर्यंत हार्मोनियमचं भुस्कट झालं. किसनभाऊंनी अर्ज केला आणि आप्पांनी खाली आपले दोन शब्द लिहिले.

किसनभाऊ त्यावर भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आप्पा, तुमी सोता पाह्यलं ना वो. तुमच्या डोयासमोर पडली ते."

"पाहिलं," आप्पा म्हणाले. "पण सीधी बात आहे किसनभाऊ. माल पडतोच. पडून टिकला तर बांधणी, नाही तर काय?"

हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, ते तेव्हा तिथंच होते. ऐकून मी त्या रात्री जेवले नाही. मंडळात पुढं बरीच वर्षं नुसत्या टाळांवर भजन चाललं. आणि गंमत म्हणजे आप्पांनी हे कंपनीला खूश करायला केलं नव्हतं. कंपनीनं त्यांचं कधी काही भलं केलं नाही. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. लबाड माणसाशी भांडता येतं, अशा माणसापुढं काय करावं ते कळत नाही.

एवढ्या खडूस माणसाच्या घरात गाणं होतं, हे मात्र खरं. त्यांचा एकुलता मुलगा मधू इंदूरला इंजिनिअरिंग शिकत होता. सुट्टीत येऊन त्यानं स्वतःच्या हातानं एक अॅम्प्लिफायर जोडला, काचेच्या व्हॉल्व्हचा, आणि सुताराकडून करवलेल्या पेटीत स्पीकर बसवला. आप्पांकडे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या होत्या, त्या तो त्यावर लावी. रविवारी सकाळी गल्लीभर ते ऐकू येई. आप्पा तेव्हा स्पीकरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाणं ऐकताना माणसानं तोंड दाखवू नये, मास्तरीणबाई." पाठीवरून मात्र त्यांना लपवता येत नसे. एखादी तान वर गेली की त्यांचे खांदे हळूच खाली येत.

मधूला विलायतेत नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आप्पांसमोर म्हणाला, "आधी जाऊन जम बसवतो. मग सामान मागवतो. मग तुम्हाला." आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं हाच क्रम पाळला होता. कर्ता पुढं जायचा, मग सामान जायचं, मग म्हातारी माणसं. त्यामुळे आप्पांनी ते नुसतं मधूचं बोलणं न मानता ठरलेली गोष्ट मानली. सामानाचा निरोप आला की आपला नंबर, हे त्यांनी मनात पक्कं केलं आणि आपल्याला त्याची काही पडलेली नाही असं दाखवत ते वाट बघू लागले.

निरोप वर्षभरानं आला. अॅम्प्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड-प्लेअर आणि तबकड्या पाठवा. तिकडे दुसरे सेट मिळतात, पण हा हातानं जोडलेला आहे, आणि तबकड्या तर मिळणारच नाहीत. आप्पांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच घाई बघितली.

ती बांधणी बघायला गल्लीतली उरलीसुरली माणसं जमली होती आणि मीही होते, राग बाजूला ठेवून. आप्पांनी व्हॉल्व्ह एकेक करून उपटले, कापसात गुंडाळले आणि बांबूच्या नळकांड्यांत घालून दोन्ही तोंडं कापसानं बंद केली. रेकॉर्ड-प्लेअरची सुई काढली, त्याचा हात जागच्या जागी फितीनं बांधला, फिरती थाळी उचलून वेगळी गुंडाळली. स्पीकरच्या कागदी तोंडावर फळी बसवली. ट्रान्सफॉर्मर जड, तो आपल्याच वजनानं निखळतो म्हणून त्याच्या चारी अंगांना लाकडी ठोकळे दिले. तबकड्या उभ्या ठेवल्या, एकमेकींना चिकटून. "आडव्या रचल्या की खालची मरते," ते म्हणाले. हे सगळं एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि मोठ्या खोक्याला समुद्राची दमट हवा लागू नये म्हणून आतून पत्र्याचं अस्तर, तांबटाकडून सांध्यांना डाख देऊन बंद करायचं.

राहिला प्रश्न दोन खोक्यांच्या मधल्या जागेचा. तिथं काय भरायचं ह्यात आप्पांच्या मनात शंका नव्हती. आमच्याकडे नाजूक माल बांधायला केळीचा वाळका पाला आणि केळीच्या खांबाचं सोपट ह्यांसारखं दुसरं काही नाही. मऊ असतं, दाबलं की परत उसळतं, आणि फुकट. आप्पांनी जन्मभर तेच वापरलं. त्यासाठी ते कुणाकडे गेले असतील तर किसनभाऊंकडे, कारण बहादरपुरात सगळ्यात चांगली बाग त्यांची. मला त्या धाडसाचं नवल वाटलं. किसनभाऊंनी मात्र सावलीत वाळवलेला, किडीचा डाग नसलेला पाला निवडून बैलगाडीतून स्वतः आणून टाकला. म्हणाले, "पोराकडं चाललं ना आप्पा. मग चांगलंच जाऊ द्या."

मी आप्पांना म्हटलं, "मुंबईच्या एजंटाला एकदा विचारून घ्या. बोटीनं जायचंय. त्यांचे काही नियम असतील."

"मुंबईवाल्यांना काय मालूम?" आप्पा म्हणाले. "आपली केळी त्यांच्या हातात सडते. त्यांना विचारायची काही जरूरत नाही."

आमचे हेही म्हणाले, विचारायला काय जातं. आप्पा पाला ठासतच राहिले. पाला ठासून झाल्यावर चौघांनी मिळून खोकं हलवलं, आप्पांनी कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. खोकं गप्प होतं. त्या दिवशी त्यांनी काम संपल्यावर माझ्याकडे चहा मागितला. त्यांनी आमच्या घरात घेतलेला तो पहिला चहा.

खोकं गेलं आणि आप्पा स्वतःच्या तयारीला लागले. एका सकाळी ते राखाडी लोकरीची गुंडाळी घेऊन माझ्या दारात उभे. मधूचा देश थंड, स्वेटर विणून द्याल का, असं विचारायला त्यांना फार कष्ट पडले. बुऱ्हाणपूरच्या एप्रिलमध्ये लोकर मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. मी आप्पांना शिव्या देत विणत होते. गळ्याला लोकर टोचू नये म्हणून मी आतून मऊ कापडाची पट्टीसुद्धा शिवली. घालून दाखवा, माप बघते, म्हटलं तर ते तयार होईनात. "तिकडे गेल्यावर घालीन," म्हणाले, आणि स्वेटर घेऊन गेले. त्यांनी एक ट्रंक भरून ठेवली होती, तिच्यात तो गेला.

मधूचं कार्ड आलं, 'सामान पोचलं'. आप्पांनी ते कार्ड सगळ्या गल्लीला दाखवलं. कसं पोचलं ते त्यात नव्हतं, पण ते विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. आप्पांनी बांधलेलं पोचणारच. आता फक्त बोलावणं यायचं होतं. कार्डं येत राहिली. त्यांत हवा, नोकरी, तब्येत सगळं असे. आप्पांच्या घरातलं गाणं गेलं होतं, म्हणून रविवारी सकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसत, रेडिओकडे पाठ करून. मी रेडिओ जरा मोठा करत असे. ह्याच काळात त्यांची नोकरी संपली, कंपनी बुडाली, आणि गल्लीत बांधण्यासारखं कुणाचं सामानही फारसं राहिलं नाही.

मधू आला तो मध्ये बरीच वर्षं गेल्यावर, रजा काढून. अंगानं भरला होता, मराठी थोडं अडखळत होतं, बाकी स्वभावानं गरीबच. सगळी गल्ली कान देऊन होती, हा बापाला न्यायचं कधी बोलतो म्हणून. रविवारी सकाळी मी त्याच्यासाठी मावा जिलबी घेऊन गेले. किसनभाऊही केळीचा घड घेऊन आलेले होते. आप्पा ओट्यावर बसलेले, कधी नव्हे ते मोकळे.

"रविवारी कोणती लावतोस?" त्यांनी मधूला विचारलं. "ती दुसऱ्या अंकातली लावतोस का?"

मधू जिलबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, एकही नाही लावत. फुटल्या सगळ्या."

"कधी?"

"आल्या तेव्हाच. बंदरावर खोकं उघडलं त्यांनी. बाहेरचं गवत, पाला ते आत येऊ देत नाहीत. गुरांना रोग होतो म्हणतात. सगळा पाला काढून जाळला. आतलं खोकंही उघडलं, कापूस, ठोकळे काढले ते परत बसवले नाहीत. सामान तसंच मोकळं आत टाकलं आणि वरून खिळे ठोकले. माझ्याकडे आलं तेव्हा ट्रान्सफॉर्मर स्पीकरमध्ये घुसलेला होता."

"आणि व्हॉल्व्ह?"

"एक नाही राहिला."

आप्पांचा हात सुतळीसाठी खिशात गेला. "भरपाई मागितलीस?"

"मागितली. पुन्हा पुन्हा मागितली."

"मग?"

मधूनं माझ्याकडे बघितलं. त्याला ते सांगायचं नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं, पण आप्पांनी "काय म्हणाले?" असं पुन्हा विचारलं तेव्हा त्याचा इलाज नव्हता. "पॅकिंग चुकीचं होतं म्हणाले. म्हणून काही देता येत नाही."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. ती हार्मोनियम मला आठवली, ते टाळांवरचं भजन आठवलं, आणि बरं वाटलं. मग मी किसनभाऊंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आप्पा," ते म्हणाले, "पाला तर माह्या बागेतला व्हता. माह्या पाल्यानंच घात केला का वो?"

"नाही," आप्पा म्हणाले. "पाला चांगला होता. बांधणी सदोष होती."

मधू पुढं सरकला. "नाही आप्पा, तुम्ही बांधलेलं, आतली बांधणी एकदम व्यवस्थितच असणार. मी अजून अर्ज करतो, वर लिहितो."

"करू नको," आप्पा म्हणाले. "त्यांनी बरोबर लिहिलं."

मला वाटलं होतं आता तरी ते किसनभाऊंना हार्मोनियमबद्दल काही बोलतील. एक शब्द चालला असता. तो एक शब्द त्यांनी काढला नाही. किसनभाऊंनी केळीचा घड दाराशी ठेवला आणि ते उठून गेले. आप्पांनी नियम स्वतःलाही लावला, कुणाला ह्यात मोठेपणा दिसेल. मला नाही दिसला. चूक झाली म्हणायचं सोडून माणूस किती टोकाला जाऊ शकतो, एवढंच दिसलं.

पण मधूनं त्याच संध्याकाळी जे केलं ते मी अजून त्याला माफ केलेलं नाही. आमच्या ह्यांच्या समोर, अगदी मऊ आवाजात, तो बापाला म्हणाला, "आप्पा, एवढं चांगलं बांधलेलं खोकं टिकलं नाही. तुम्ही ह्या वयात कुठं तेवढा प्रवास करता. थंडी सोसणार नाही तुम्हाला. जागाही लहान आहे. इथं सगळी आपली माणसं आहेत."

आपली माणसं. गल्लीत तेव्हा जेमतेम चार घरं उघडी राहिली होती.

"मी कुठं म्हटलं येतो म्हणून?" आप्पा म्हणाले. मधूला सुटल्यासारखं झालं असावं, कारण तो लगेच दुसऱ्या विषयाकडे वळला. रजा संपली तेव्हा त्याची बॅग आप्पांनी बांधून दिली.

त्यानंतर आप्पा रविवारी येत राहिले, रेडिओकडे पाठ करून बसत राहिले. ट्रंकेविषयी मी विचारलं नाही. भोपाळला वर्षानुवर्षं पडून असलेले आमच्या ह्यांच्या सरकारी बदलीचे कागद अखेर हलले आणि आम्हांला जळगाव मिळालं. ज्या दिवसाची मी इतकी वाट बघितली तो आला तर मला आनंद होईना. आप्पांना कुणी निरोप दिला नव्हता, तरी सकाळी ते सुतळी आणि स्क्रूंची पिशवी घेऊन दारात हजर.

त्यांचे हात आता कापत होते. तरी भांडी, बरण्या, पुस्तकं, सगळं त्यांनीच बांधलं. रेडिओ शेवटी घेतला. मी जुनी लुगडी पुढं केली. त्यांनी ती चाचपून बघितली, "पुरत नाही," म्हणाले, आणि घरी जाऊन काखेत एक बोचकं घेऊन आले. "तुम्ही बाहेर बसा," म्हणाले. केळीचा पाला घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी बाहेर जाऊन बसले. आतून स्क्रू पिळण्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता.

मग त्यांनी मला आत बोलावलं. "कान लावा," म्हणाले. इतक्या वर्षांत हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. मी वाकून खोक्याला कान लावला, त्यांनी ते दोन्ही हातांनी हलवलं.

"बोलतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

टांगा आला, सामान चढू लागलं. मला वाटलं ते नेहमीसारखे निघून जातील. ते गेले नाहीत. आमच्या रिकाम्या ओट्यावर, खोक्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. रेडिओचं खोकं उचलून टांग्यात ठेवलं तरी ते वळले नाहीत. "आप्पा, येतो आम्ही," मी म्हटलं. त्यांनी पाठीमागंच हात हलवला. गल्लीच्या तोंडाशी वळताना मी बघितलं तर ते तसेच बसलेले होते.

जळगावला मी पहिलं खोकं उघडलं ते रेडिओचं. वरच्या लुगड्यांच्या खाली राखाडी लोकर दिसली. माझ्या हातची वीण होती. स्वेटर रेडिओला अंगावर घातल्यासारखा चढवलेला होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या पुढं आणून आप्पांच्या त्या गाठीनं बांधल्या होत्या, जी कापायची नसते. मी ती सोडवत बसले. काच शाबूत होती, तार लावताच रेडिओ लागला. स्वेटर मी उलटा करून बघितला. गळ्याला आतून लावलेली पट्टी अजून कोरीच होती.